एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलंय? बाळाला कावीळ ‘ब’ होऊ नये म्हणून काय, कधी आणि कुठे

गरोदरपणातल्या पहिल्या रक्ततपासणीत ‘एचबीएसएजी : रिअ‍ॅक्टिव्ह’ असं छापून आलं, की डॉक्टर पुढे काय बोलतात ते बराच वेळ कानात शिरतच नाही. म्हणून कामाचं आधी सांगते. कावीळ ‘ब’ म्हणजे हिपॅटायटिस बी, आणि एचबीएसएजी रिॲक्टिव्ह (म्हणजेच पॉझिटिव्ह) म्हणजे तिचा विषाणू रक्तात आहे. हा विषाणू आईकडून बाळाकडे जातो तो मुख्यतः बाळंतपणाच्या वेळी, रक्तातून आणि अंगावरच्या स्रावांतून. पोटात असतानाच लागण होणं कमी, आणि तेही बहुतेक वेळा आईच्या रक्तात विषाणू भरमसाट असेल तर. याचा अर्थ तो अडवता येतो. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी आपल्याकडे सरकारी दवाखान्यातसुद्धा मिळतात.

घोटाळा होतो तो वेळेचा. जी लस जन्मल्यावर काही तासांत द्यायची, ती ‘उद्या सकाळी मोठे डॉक्टर आले की देऊ’ म्हणून राहते. मी पुण्यात नाव नोंदवलं आणि बाळंतपणाला सोलापूर जिल्ह्यात माहेरी गेले, त्यामुळे दोन्हीकडचे कारभार पाहिले. डॉक्टर नाही, एक पॉझिटिव्ह आई आहे. गोळ्या-इंजेक्शनांचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण कोणत्या महिन्यात त्यांना काय विचारायचं, हे आधी माहीत असलं की खूप फरक पडतो.

१. रिपोर्ट पक्का करून घ्या

पहिली तपासणी बऱ्याचदा कार्डावर होते : रक्ताचा थेंब टाकायचा, दोन रेघा आल्या की पॉझिटिव्ह. त्या एका कार्डावर विसंबू नका. ‘एलायझा पद्धतीने (म्हणजे कार्डावर नाही, लॅबमधल्या यंत्रावर) एचबीएसएजी पुन्हा करून द्या’ असं सांगा. जुन्या लॅबच्या छापील फॉर्मवर याच तपासणीला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हटलेलं असतं. अमेरिकी संशोधक बारूक ब्लमबर्ग यांना ते प्रथम ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात सापडलं, म्हणून ते नाव. या कामासाठी १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं. माझ्या सासूबाईंना मात्र तो परदेशातून आलेला काहीतरी नवीन आजार वाटला होता!

पॉझिटिव्ह म्हणजे डोळे पिवळे, लघवी पिवळी असं काही दिसायला हवं, हाही गैरसमज. आपल्यापैकी बहुतेकींना काहीच होत नसतं. विषाणू वर्षानुवर्षं यकृतात राहतो आणि कळतो तो असाच, गरोदरपणात किंवा रक्तदानाच्या वेळी.

त्याच वेळी घेतलेल्या रक्तातून आणखी दोन तपासण्या होतात, एचआयव्ही आणि सिफिलिसची व्हीडीआरएल. हे दोन्ही आजारही आईकडून बाळाकडे जाऊ शकतात आणि दोन्ही अडवता येतात. सिफिलिसला बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं. ते बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी व्हायला हवं आणि नवऱ्याचाही उपचार सोबत व्हायला हवा. एचआयव्हीसाठी आईला रोजची एआरटी (एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी) गोळी आणि बाळाला जन्मल्यापासून काही आठवडे औषध. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) त्याचं समुपदेशन मोफत होतं आणि १०९७ या क्रमांकावरही माहिती मिळते. तुमच्या कागदावर या तिन्ही तपासण्यांचे निकाल लिहिलेले आहेत ना, ते बघा. एखादी राहिली असेल तर आत्ताच करून घ्या. इथून पुढे मी फक्त कावीळ ‘ब’बद्दल लिहिते.

२. ‘हे कुठून आलं?’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा

वैद्यकीयदृष्ट्या ही पायरी नंतरची. पण आपल्या घरांत हा प्रश्न रिपोर्टच्या आधी दारात उभा असतो, म्हणून इथेच घेते.

हा विषाणू रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो हे खरं. पण मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातले पंच्याण्णव जण काही महिन्यांत तो स्वतःच बाहेर टाकतात. याउलट जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहा बाळांपैकी नऊ जणांच्या शरीरात तो कायमचा राहतो. त्यामुळे पंचविशी-तिशीतली बाई धडधाकट असून पॉझिटिव्ह निघाली, तर तिला तो बाळपणीच मिळाला असण्याची शक्यता मोठी : तिच्या आईकडून, घरातल्या कुणाकडून, किंवा त्या काळी उकळून पुन्हापुन्हा वापरल्या जाणाऱ्या सुईतून. आपल्या देशाच्या लसीकरण कार्यक्रमात ही लस २००२-०३ मध्ये काही शहरांत आणि जिल्ह्यांत आली आणि देशभर पोचायला २०११ उजाडलं. आज आई होणाऱ्या बहुतेक मुली त्याआधी जन्मल्या.

हे सगळं घरात सांगताना शक्य असेल तर नवऱ्याला डॉक्टरांसमोर बसवा. डॉक्टरांच्या तोंडून आलेलं वाक्य घरी जसंच्या तसं पोचतं, आपण सांगितलेलं वाटेत बदलतं. मुलीच्या चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्या कुणालाही या रिपोर्टचा आधार मिळत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण वॉर्डात शेजारच्या खाटेवरची एक मुलगी याच एका कारणावरून रडत होती.

मग तपासणी कुणाकुणाची? नवरा, तुमची आई, भावंडं आणि आधीची मुलं. जे निगेटिव्ह निघतील आणि ज्यांनी लस घेतलेली नाही, त्यांनी तीन डोस घ्यायचे : आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. नवऱ्याचे डोस पूर्ण होऊन संरक्षण तयार झाल्याचं तपासेपर्यंत निरोध वापरा. माझ्या घरी आईही पॉझिटिव्ह निघाली, तिला साठीपर्यंत पत्ता नव्हता.

आणि तुम्हाला स्वतःला कुणी ही लस द्यायला निघालं तर थांबवा. पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही.

३. पुढच्या तपासण्या : तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच

पॉझिटिव्ह म्हटल्यावर लॅबवाले तपासण्यांची लांबलचक यादी पुढे करतात. विचारायच्या त्या या :

- एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे. सगळ्यांत महत्त्वाची हीच.
- एचबीईएजी, बोलण्यात ‘ई अँटिजेन’. हे पॉझिटिव्ह असेल आणि काहीच उपाय केला नाही, तर दहापैकी सात ते नऊ बाळांना लागण होते. निगेटिव्ह असेल तर धोका बराच कमी, पण शून्य नाही.
- एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी), प्लेटलेट आणि पोटाची सोनोग्राफी, म्हणजे तुमच्या यकृताची अवस्था कळते.
- हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही, आधी झाल्या नसतील तर.

डीएनएची तपासणी खाजगी लॅबमध्ये काही हजारांना पडते. त्याआधी एक करा. २८ जुलै २०१८ पासून देशात राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्याची उपचार केंद्रं जिल्हा रुग्णालयांत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत असतात आणि तिथे तपासण्या व औषधं मोफत असतात. केसपेपरच्या खिडकीवर ‘हिपॅटायटिसचं केंद्र’ विचारलं तर कधीकधी समोरचा मख्ख बघतो. तेव्हा थेट मेडिसीन विभागाची ओपीडी गाठा. बाळंतपण खाजगीत करणार असलात तरी या केंद्रात नाव नोंदवायला हरकत नसते.

रिपोर्ट हातात आला की आकड्यापुढचं एकक वाचा. ‘आययू प्रति मिली’ असं हवं. काही लॅब ‘कॉपीज प्रति मिली’ लिहितात, तो आकडा पाचपटीहून मोठा दिसतो आणि उगाच घाबरायला होतं.

४. गोळी लागेल का?

सीमारेषा आहे २,००,००० आययू प्रति मिली. डीएनए त्याहून जास्त असेल तर डॉक्टर साधारण २८व्या आठवड्यापासून, काही जण त्याआधीही, टेनोफोव्हिरची रोज एक गोळी सुरू करतात. आईच्या रक्तातला विषाणू बाळंतपणापर्यंत खाली आणायचा, हा तिचा उद्देश. डीएनए करणं शक्यच नसेल तर ई अँटिजेनच्या निकालावरून ठरवतात. यकृताला सूज असेल तर गोळी तुमच्या स्वतःसाठीही लागू शकते, त्याचा हिशोब वेगळा.

ही गोळी गरोदरपणात जगभर वापरली जाते, एचआयव्हीसाठी तर कित्येक वर्षांपासून. अंगावर पाजतानाही चालते. मळमळ होते, पण पहिल्या तिमाहीतल्या उलट्यांपुढे ती काहीच नाही. दोन सूचना मात्र गंभीरपणे घ्या.

एक, २८वा आठवडा म्हणजे सातवा महिना, आणि आपल्याकडे डोहाळजेवण उरकून माहेरी जायची वेळही तीच. गोळी एका गावात लिहून दिली जाते आणि घ्यायची असते दुसऱ्या गावात. निघण्यापूर्वी बाळंतपणाच्या नंतरही पुरतील इतक्या गोळ्या घ्या, नाहीतर माहेरच्या जिल्ह्याच्या केंद्राच्या नावाने चिठ्ठी लिहून घ्या.

दोन, बाळ झालं म्हणजे काम झालं असं समजून गोळी मनाने बंद करू नका. ती थांबल्यावर काहींच्या यकृताला अचानक सूज येते. कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील, आणि थांबवल्यावरचे काही महिने एसजीपीटी तपासत राहायचं.

याच महिन्यांत सल्ल्यांचा पूर येतो. कुणी कावीळ उतरवून घ्यायला सांगतं, कुणी नाकात घालायचं झाडपाल्याचं औषध आणतं, कुणी तूप, तेल, हळद सगळं बंद करून उसाच्या रसावर ठेवायला बघतं. पॉझिटिव्ह असूनही यकृत ठीक असलेल्या बाईला कसलंच पथ्य नसतं. उलट गरोदरपणात अंगात रक्त कमी पडतं, त्यात भाकरी-भाजी, डाळी, अंडी बंद करणं म्हणजे दुहेरी नुकसान. झाडपाल्याची कित्येक औषधं यकृतालाच इजा करतात. माझ्या मामांनी आणलेली बाटली मी नमस्कार करून घेतली आणि मोरीत ओतली.

५. बाळंतपण कुठे करायचं ते या प्रश्नांवर ठरवा

नैसर्गिक बाळंतपण की सिझेरियन? केवळ कावीळ ‘ब’ आहे म्हणून सिझेरियन करायची गरज नाही. ‘पॉझिटिव्ह आहे म्हणून सिझरच’ असं कुणी म्हणालं, तर कारण विचारा आणि दुसरीकडे दाखवा. गर्भजलाची तपासणी, म्हणजे पोटातून सुई घालून पाणी काढणं, कुणी सुचवली तर तुमचा डीएनए किती आहे ते आठवणीने सांगा. विषाणू जास्त असेल तर त्या सुईने धोका वाढतो.

दवाखाना ठरवताना आठव्या महिन्यातच हे विचारा :

- बाळाची जन्माच्या वेळची हिपॅटायटिस बीची लस इथे चोवीस तास मिळते का? रविवारी? दिवाळीत?
- एचबीआयजी फ्रीजमध्ये असतं का? नसेल तर कुठून आणावं लागेल?
- रात्री दोन वाजता बाळ झालं तर इंजेक्शन कोण देणार?

एचबीआयजी म्हणजे हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. लस बाळाच्या शरीराला स्वतःचं संरक्षण तयार करायला शिकवते, त्याला वेळ लागतो. तोवरचा पहारा हे इंजेक्शन करतं. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली पॉझिटिव्ह आईच्या बाळाला ते मोफत द्यायची तरतूद आहे, पण प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या फ्रीजमध्ये ते असतंच असं नाही. खाजगीत ते महाग पडतं, आणि तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात मागितलं तर ‘मागवावं लागेल’ असं उत्तर येतं. म्हणून तारखेच्या तीन-चार आठवडे आधीच त्याचा बंदोबस्त हवा. विकत आणून ठेवणार असाल तर ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं तर ते वाया गेलं. लोडशेडिंगच्या गावात घरी ठेवण्यापेक्षा दवाखान्याच्या किंवा दुकानाच्या फ्रीजमध्ये, नाव लिहून ठेवलेलं बरं.

इथे एक सापळा आहे. रात्री घरच्या माणसाला घाईत ‘इम्युनोग्लोब्युलिन आणा’ असं सांगून पाठवतात, आणि दुकानदार अँटी-डी देतो. ते वेगळं औषध आहे, निगेटिव्ह रक्तगटाच्या आईला देतात ते. धनुर्वाताचंही इम्युनोग्लोब्युलिन असतं. चिठ्ठीवर पूर्ण नाव आणि बाळाचा डोस (साधारण १०० आययू) डॉक्टरांकडून स्पष्ट अक्षरात लिहून घ्या आणि खोक्यावरचं नाव स्वतः वाचा.

६. फाईल बनवा, आणि ती सोबत ठेवा

प्लास्टिकची पारदर्शक फाईल घ्या. तिच्यात :

- माता व बाल संरक्षण कार्ड
- एचबीएसएजीचा एलायझा रिपोर्ट, ई अँटिजेन, डीएनए, एसजीपीटी, सोनोग्राफी
- एचआयव्ही आणि व्हीडीआरएलचे रिपोर्ट
- रक्तगटाचा रिपोर्ट
- टेनोफोव्हिरची चिठ्ठी, कधी सुरू केली त्या तारखेसह
- उपचार केंद्राची नोंदणी
- आधार कार्डाच्या झेरॉक्स, रेशन कार्ड, बँक पासबुक (सरकारी योजनांचे पैसे खात्यात येतात त्यासाठी)
- एक कोरा कागद, त्यावर मोठ्या अक्षरात : ‘आई एचबीएसएजी पॉझिटिव्ह. बाळाला १२ तासांच्या आत लस आणि एचबीआयजी.’

हा कागद मी सगळ्यांत वर ठेवला होता. शिफ्ट बदलते, नवीन सिस्टर येतात, जाड फाईल कुणी उलटत नाही. रिपोर्टचे फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या मोबाईलमध्येही टाकून ठेवा.

गावच्या आशाताईंना सांगायचं की नाही, हा तुमचा निर्णय. मी सांगितलं, कारण पुढच्या लसींच्या तारखा त्याच सांभाळणार होत्या. गावभर व्हायला नको असेल तर तसं त्यांना स्पष्ट सांगा, आणि केसपेपरवर लाल शाईने मोठ्ठं लिहून तो खाटेला टांगला असेल तर काढून फाईलमध्ये ठेवायची विनंती करा. माहिती स्टाफला हवी, भेटायला येणाऱ्यांना नको.

७. कळा सुरू झाल्यापासून पहिले बारा तास

दाखल होताना, पुन्हा लेबर रूममध्ये आणि तिसऱ्यांदा बाळाच्या डॉक्टरांना, तीन वेळा तोंडाने सांगा. आपल्याला कळा येत असताना हे जमत नाही, त्यामुळे सोबतच्या एका माणसाला हे एकच काम द्या. माझ्यासोबत मावशी होती. तिला बाकी काहीच सांगितलं नव्हतं. फक्त ‘दोन इंजेक्शनं झाल्याशिवाय हलायचं नाही’ एवढंच.

बाळ जन्मलं की त्याचं अंग, निदान मांड्या, रक्त पुसून स्वच्छ करून मगच सुई टोचायची. एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत एचबीआयजी. शक्य तितक्या लवकर, बारा तासांच्या आत. सरकारी वेळापत्रकात जन्मलस चोवीस तासांच्या आत द्यायची असते, पण पॉझिटिव्ह आईने चोवीस तासांची वाट पाहायची नाही.

आता सापळे. इथेच खरी घसरगुंडी आहे, म्हणून एकेक करून सांगते.

‘इंजेक्शन दिलं’ म्हणजे कोणतं? जन्मल्यावर प्रत्येक बाळाला व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देतात. घरच्यांना वाटतं लस झाली. बीसीजी आणि पोलिओचे थेंबही याच सुमारास. म्हणून नाव विचारा, आणि कार्डावर ‘हिपॅटायटिस बी जन्मलस’ या रकान्यात तारखेसोबत वेळही लिहून घ्या. एचबीआयजीसाठी बहुतेक कार्डांवर वेगळा रकाना नसतो. ते डिस्चार्ज कार्डवर बॅच नंबरसह लिहून मागा.

‘एका बाळासाठी बाटली फोडता येत नाही.’ सरकारी पुरवठ्यातल्या बाटलीत दहा डोस असतात आणि वाया जातील म्हणून कुणी कचरतं. पण नीट थंड ठेवलेली, उघडलेली हिपॅटायटिस बीची बाटली २८ दिवसांपर्यंत वापरायला सरकारी धोरणाचीच परवानगी आहे. हे शांतपणे, हसून सांगा. भांडणाने सिस्टर दुखावतात आणि रात्र अजून लांबते.

‘बाळ वजनाने कमी आहे, नंतर देऊ.’ पॉझिटिव्ह आईच्या बाळाचं वजन दोन किलोपेक्षा कमी असलं तरी दोन्ही इंजेक्शनं द्यायचीच. फक्त तेव्हाचा लसीचा डोस पुढच्या तीन डोसांत मोजत नाहीत. बाळाला काचेच्या पेटीत किंवा दुसऱ्या गावच्या नवजात विभागात हलवलं, तर फाईलमधला तो मोठ्या अक्षरांतला कागद बाळासोबत जायला हवा. आई एका दवाखान्यात आणि बाळ दुसऱ्या, ही लस चुकायची सगळ्यांत सोपी वाट आहे.

‘एचबीआयजी आलं नाही, आलं की दोन्ही एकदम देऊ.’ असं मुळीच होऊ द्यायचं नाही. लस हातात आहे ती लगेच द्या, मोठं काम तीच करते. एचबीआयजी मागाहून आलं तर तेही द्या. बारा तास उलटले म्हणून सोडून द्यायचं नाही, सात दिवसांपर्यंत ते देतात, फक्त उशिराने उपयोग घटत जातो.

हे दोन टोचे वेळेत पडले आणि पुढचे डोस पूर्ण झाले, तर बहुतेक बाळं सुटतात. ई अँटिजेन पॉझिटिव्ह आईंच्या बाळांतही लागण साधारण दहातल्या एकापर्यंत खाली येते, आणि सातव्या महिन्यापासूनच्या गोळीने त्याहूनही खाली. तैवानने पॉझिटिव्ह आयांच्या बाळांना १९८४ पासून जन्मतःच लस द्यायला सुरुवात केली आणि दोनच वर्षांत ती सगळ्या बाळांसाठी आणली. तिथे दहा टक्क्यांच्या आसपास मुलं पॉझिटिव्ह असायची. ते प्रमाण एक टक्क्याच्या खाली गेलं.

८. अंगावर पाजणं, बारसं आणि जावळ

पाजा. पहिला चीकही पाजा. इंजेक्शनं व्हायची आहेत म्हणून पाजायचं थांबवू नका. दुधातून लागण होत नाही. स्तनाग्राला चिरा पडून रक्त येत असेल, तर त्या बाजूची काळजी घ्या आणि बाळाला नीट धरायचं कसं ते सिस्टरकडून शिकून घ्या. चिरा बहुतेक चुकीच्या धरण्यानेच पडतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं, आणि माझ्या घरात हलकल्लोळ झाला, ‘आईची कावीळ बाळाला लागली.’ नवजात बाळांची ती कावीळ वेगळी. निम्म्याहून अधिक बाळांना ती होते, निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं किंवा तेही लागत नाही. तिचा आणि हिपॅटायटिस बीचा संबंध नाही. डॉक्टरांना दाखवा मात्र नक्की, कारण बिलिरुबिन (रक्तातलं पिवळं द्रव्य) फार वाढलं तर ते वेगळ्या कारणाने घातक असतं. हिपॅटायटिस बीची लागण झालेलं बाळ बहुधा अगदी नॉर्मल दिसतं, म्हणूनच पुढची दहावी पायरी चुकवायची नाही.

बाराव्या दिवशी कान टोचायला सोनार येतात. नवी, निर्जंतुक तारच वापरायची, आधी दुसऱ्या बाळाला वापरलेली नाही. जावळाच्या वेळी नवं पातं आपल्यासमोर उघडायला सांगा. हा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो. घरात दाढीचं पातं, टूथब्रश आणि नेलकटर प्रत्येकाचं वेगळं. ताट, तांब्या, कपडे, संडास वेगळं करायची काहीच गरज नाही. एकाच ताटात जेवलात, बाळाचा मुका घेतलात तरी चालतं. कुणी तुमचं ताट वेगळं काढत असेल, तर त्यांना लसीचे तीन डोस घ्यायला पाठवा.

९. सहावा, दहावा, चौदावा आठवडा

या तीन वेळा पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र) लस असते आणि तिच्यातच हिपॅटायटिस बीचा डोस असतो. खाजगीत सहा रोगांची एकत्र लस देतात, तीही चालते. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रावर लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो. माहेरहून सासरी यायची वेळ नेमकी या दरम्यान येते, त्यामुळे एखादा डोस दोन्ही गावांच्या मध्ये हरवतो. कार्ड बाळासोबत आणा. डोस चुकलाच तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, राहिलेला लगेच द्यायचा.

१०. बाळाची तपासणी : नऊ ते बारा महिन्यांत

इतकं सगळं करून शेवटी हीच पायरी बहुतेक जण गाळतात. बाळ गुटगुटीत असतं, मग सुई कशाला? पण लागण झाली का आणि लस लागू पडली का, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

दोनच तपासण्या सांगा : एचबीएसएजी (लागण आहे का) आणि अँटी-एचबीएस (लसीने संरक्षण तयार झालं का). पहिली निगेटिव्ह आणि दुसरी १० किंवा त्याहून जास्त, तर बाळ सुरक्षित. एचबीएसएजी निगेटिव्ह पण अँटी-एचबीएस १० पेक्षा कमी, तर बाळाला आणखी डोस देऊन पुन्हा तपासतात. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर लहान मुलांच्या यकृततज्ज्ञांकडे जायचं. मुलांना बरीच वर्षं औषधाविना नुसतं देखरेखीखाली ठेवतात, त्यामुळे तो निकाल म्हणजे लगेच काही कोसळलं असं नव्हे.

नऊ महिन्यांच्या आधी तपासू नका. एचबीआयजीतले प्रतिपिंड बाळाच्या रक्तात काही महिने राहतात आणि अँटी-एचबीएस खोटं चांगलं दाखवतात. लस दिल्यावर लगेचच्या आठवड्यांत लसीमुळेच एचबीएसएजी तात्पुरतं पॉझिटिव्ह येऊ शकतं. नाळेच्या रक्तावरूनही निष्कर्ष काढायचा नाही. आणि अँटी-एचबीसी नावाची तपासणी या वयात करूच नका. त्यात आईचे प्रतिपिंड दिसतात, दोन वर्षांपर्यंतसुद्धा. लॅबच्या ‘संपूर्ण हिपॅटायटिस पॅकेज’मध्ये ती आपोआप येते आणि पॉझिटिव्ह आली की सगळ्यांची झोप उडते.

११. आणि तुम्ही स्वतः

बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी एसजीपीटी करा, मग साधारण दर सहा महिन्यांनी उपचार केंद्रात फेरी. यकृताची सोनोग्राफी किती वर्षांनी, हे वय आणि घरातला यकृताच्या कॅन्सरचा इतिहास बघून डॉक्टर सांगतील. दारू नको. रक्तदान करायचं नाही. दाताचं काम, ऑपरेशन, टॅटू, सगळीकडे आधी सांगायचं. पॅरासिटामॉलसारख्या साध्या गोळ्याही मनाने ढीगभर घ्यायच्या नाहीत.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले तर पहिल्या बाळाची फाईल काढा आणि डीएनए नव्याने करा. मागच्या वेळी कमी होता म्हणून या वेळीही कमीच असेल असं धरायचं नाही, आणि दुसऱ्या बाळालाही दोन्ही इंजेक्शनं पहिल्या बारा तासांतच.